वर फ्लॅट, खाली दुकानं : सिव्हिल कोर्ट मेट्रोच्या आसपास घर घेताना काय काय बघायचं

गेल्या वर्षभरात ओळखीतल्या चार-पाच जणांना हे सगळं फोनवर सांगून झालंय, दर वेळी पाऊण तास जातो, म्हणून म्हटलं एकदाच टाईप करून ठेवावं. पुण्यात शिवाजीनगर, मंगळवार पेठ, वाकडेवाडी, संगमवाडी या पट्ट्यात आता ज्या नवीन बिल्डिंगी उभ्या राहतायत त्यातल्या बऱ्याच मिक्स्ड-यूज आहेत, म्हणजे खाली दुकानं-हॉटेल, मध्ये दोन-तीन मजले ऑफिसं आणि त्याच्या वर फ्लॅट. आम्ही मूळचे बार्शीचे, पुण्यात आधी धायरीला भाड्याने होतो, मग अशाच एका बिल्डिंगमध्ये आठव्या मजल्यावर टू बीएचके घेतला. काही गोष्टी नशिबाने बरोबर केल्या, काही चांगल्याच चुकल्या.

इथेच एवढ्या बिल्डिंगी का, तर मेट्रो. पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या दोन्ही लाईन सिव्हिल कोर्टला एकमेकींना छेदतात, आणि हिंजवडीची तिसरी लाईनसुद्धा इथेच आणायचं ठरलंय. त्यात डिसेंबर २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत मेट्रो स्टेशनपासून ५०० मीटरच्या आत जास्त एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) मिळतो, ४ पर्यंत. मग जिथे गॅरेज होतं, गोडाऊन होतं, तिथे बिल्डर उंच बिल्डिंग बांधणार आणि रोडवरचा तळमजला दुकानांना विकणार, कारण तिथला स्क्वेअर फुटाचा भाव फ्लॅटपेक्षा कितीतरी जास्त असतो. यात वाईट काही नाही. फक्त एक लक्षात घ्या, तुम्ही फ्लॅट आठव्या मजल्यावर घेताय पण तुमचं रोजचं जगणं बरंचसं तळमजला ठरवणार आहे.

स्टेप १ : आधी खालचं बघा, सँपल फ्लॅट नंतर

आम्ही साईटवर गेलो ते रविवारी सकाळी अकराला. खाली दुकानांचे शटर बंद, रोड मोकळा, सेल्सच्या मुलीने कॉफी दिली, गॅलरीतून संगम पूल दिसत होता, आम्ही खूश. पझेशननंतर सहा महिन्यांनी खाली हॉटेल सुरू झालं आणि त्याचा एक्झॉस्ट बाहेर पडत होता दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर, बिल्डिंगच्या मागच्या डक्टमध्ये, आणि त्याच डक्टमध्ये आमच्या सगळ्यांच्या किचनच्या खिडक्या. संध्याकाळी सातपासून तंदूर आणि लसणाच्या फोडणीचा वास, रात्री साडेबारा-एकला भांडी घासायचा आवाज. सासूबाई आल्या की विचारायच्या, अगं आज काय पनीर केलंस का. तो पाईप गच्चीपर्यंत न्यायला दीड वर्ष गेलं, तीन मीटिंगा, महापालिकेत दोन अर्ज, आणि शेवटी खर्च कुणी करायचा यावरून झालेलं भांडण वेगळंच.

तर बिल्डिंग बघायला निदान तीनदा जा. एकदा वर्किंग डेला संध्याकाळी सात वाजता, ऑफिसं सुटतात तेव्हा लिफ्टला किती लाईन लागते आणि गेटवर काय होतं ते बघायला. एकदा शनिवारी रात्री साडेअकराला, डिलिव्हरीवाली पोरं गाड्या कुठे लावतात, हॉटेलची टेबलं फ्रंट मार्जिनमध्ये (बिल्डिंगसमोर मोकळी सोडलेली जागा) आलीयत का हे तेव्हाच दिसतं. आणि एकदा पहाटे सहाला, कारण दुकानांचा माल, दूध, भाजी, सिलेंडर सगळं तेव्हा उतरतं, आणि टेम्पोवाला रिव्हर्स घेताना ती जी टुंई टुंई वाजते ती आठव्या मजल्यावरसुद्धा ऐकू येते, खोटं वाटेल पण येते. बिल्डिंग अजून बांधूनच झाली नसेल तर त्याच बिल्डरची आधी झालेली अशीच एखादी बिल्डिंग शोधा आणि तिथल्या वॉचमनशी दहा मिनिटं बोला. सेल्स ऑफिसपेक्षा वॉचमन जास्त खरं सांगतो.

एरियाचे म्हणून दोन-चार प्रकार आहेत ते बाहेरून येणाऱ्याला माहीत नसतात. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, त्या दिवशी त्या बाजूने कार काढायची असेल तर वेळ धरूनच निघा. गणपतीच्या आधी महिना-दोन महिने संध्याकाळी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांची प्रॅक्टिस चालते, मला स्वतःला ढोल आवडतो पण घरात दहावी-बारावीचं पोरगं असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी एकदा त्या गॅलरीत उभं राहून बघा. पालख्या पुण्यात येतात त्या दिवशी पाटील इस्टेट, संचेती चौकाकडचे रोड बंद असतात, दर्शन घराजवळ होतं हे खरं, पण त्या दिवशी टेम्पोतून सामान आणायचा प्लॅन करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी केला होता.

आणि नदी. मुळा-मुठेचा संगम इथेच आहे. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं होतं, हे पुण्यात सगळ्यांना आठवतं. नदीजवळची साईट असेल तर प्लॅनवर निळी आणि लाल पूररेषा (निळी नेहमीच्या मोठ्या पुराची, लाल त्याहून मोठ्या पुराची) कुठे आहे ते विचाराच, आणि पार्किंग बेसमेंटला असेल तर पाणी उपसायचे पंप कुठे आहेत, लाईट गेल्यावर ते जनरेटरवर चालतात का, हे पण.

स्टेप २ : महारेराच्या साईटवर अर्धा तास बसा

५०० स्क्वेअर मीटरपेक्षा मोठा प्लॉट किंवा आठपेक्षा जास्त युनिट असतील तर प्रोजेक्ट महारेराला, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट प्राधिकरणाला, रजिस्टर असायलाच लागतो. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, ऑगस्ट २०२३ पासून तो कंपल्सरी आहे, तो स्कॅन केला की थेट प्रोजेक्टचं पान उघडतं. बहुतेक लोक इथे फक्त रजिस्ट्रेशन नंबर आणि पझेशनची तारीख बघतात आणि बंद करतात. मिक्स्ड-यूजमध्ये खरी मजा पुढे आहे.

एक, मंजूर नकाशा डाऊनलोड करा आणि तळमजला-पहिला मजला झूम करून बघा, कुठल्या गाळ्यावर शॉप लिहिलंय, कुठे रेस्टॉरंट, हॉटेलचा एक्झॉस्ट डक्ट गच्चीपर्यंत दाखवलाय की नाही, फ्लॅटवाल्यांची एंट्री आणि लिफ्ट वेगळी आहे की ऑफिसवाल्यांबरोबर एकच. प्लॅन वाचता येत नसेल तर ओळखीतला कुणीही सिव्हिल इंजिनिअर पकडा, पुण्यात प्रत्येकाच्या ओळखीत एक असतोच. दोन, किती युनिट विकली गेलीयत ते बघा, फ्लॅट सगळे गेलेत आणि दुकानं-ऑफिसं रिकामी असतील तर खाली कोण येणार हे बिल्डरलाही माहीत नाही, मग सेल्सवाला "खाली फक्त बँक आणि मेडिकल येणार आहे" म्हणत असेल तर त्यावर हसून विषय बदला, किंवा तेच अ‍ॅग्रीमेंटमध्ये लिहून मागा आणि त्याचा चेहरा बघा. तीन, प्रोजेक्टचे फेज किती आहेत. हे का, ते पुढे सोसायटीच्या मुद्द्यात येईल.

दारूच्या दुकानाबद्दल लोक फार विचारतात. मार्च २०२५ मध्ये अजित पवारांनी विधानसभेत सांगितलं की सोसायटीच्या जागेत नवीन बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान काढायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. चांगलं आहे, पण तुमची सोसायटी रजिस्टरच झाली नसेल तर एनओसीचं लेटरहेड कुणाचं असणार, हा विचार करून ठेवा.

स्टेप ३ : पैशांचं गणित, थोडक्यात

भाव कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या जागेवरच, विचारा. रेरा कार्पेटमध्ये आतल्या भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. एजंट अजूनही "सेलेबल नऊशे" (जिना, लिफ्ट, पॅसेज धरून फुगवलेला एरिया) वगैरे बोलतात, ते ऐकायचं आणि सोडून द्यायचं.

पुणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सगळं धरून ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर असेल तर ६ टक्के, आणि रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. आमचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे त्याचं खरं कारण हे, नवरा लोकांना काहीतरी वेगळंच सांगतो. बांधकाम चालू असताना घेतलात तर ५ टक्के जीएसटी, ४५ लाखांपर्यंतचा आणि ९० स्क्वेअर मीटर कार्पेटच्या आतला असेल तर १ टक्का, पण या भागात ४५ लाखांत काय मिळतं ते तुम्हीच शोधा. पूर्णत्वाचा दाखला आल्यानंतर घेतला तर जीएसटी नाही. खाली दुकान पण घ्यायचा विचार असेल तर हिशोब वेगळा, प्रोजेक्टमधलं कमर्शिअल कार्पेट एकूण कार्पेटच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर दुकानालाही ५ टक्के लागतो, त्याच्या वर गेलं की १२. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्हीच कापून भरायचा असतो, हे विसरलात तर नंतर नोटीस येते.

आणि रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंट व्हायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डर घेऊ शकत नाही. "ऑफर फक्त आजच, वीस टक्के भरा" असं कुणी म्हटलं तर चहा पिऊन घरी या.

स्टेप ४ : पार्किंग. इथे कंटाळा करू नका

साध्या सोसायटीत पार्किंगचं भांडण शेजाऱ्याशी होतं, इथे ते अख्ख्या गिऱ्हाईकांशी होतं. खाली डॉक्टरचं क्लिनिक आलं की पेशंटची कार तुमच्या जागेत, क्लासेस आले की चाळीस टू-व्हीलर, आणि प्रत्येकाचं एकच, "काका, पाचच मिनिटं". आमच्याकडे सुरुवातीला दुकानांना नऊ जागा दिलेल्या आणि दुकानं चौदा. करा गणित.

म्हणून बघायचं काय, तर दुकान-ऑफिसांचं पार्किंग वेगळ्या लेव्हलला आहे का, रॅम्प वेगळा आहे का, मध्ये बूम बॅरिअर आहे की नुसती पिवळी पट्टी मारलीय. पिवळ्या पट्टीला पुण्यात कुणी विचारत नाही. ओपन पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, कव्हर्ड येतं. २०२४ मध्ये महारेराने असं काढलंय की कव्हर्ड पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची, नेमकी जागा हे सगळं अ‍ॅग्रीमेंटच्या जोडपत्रात द्यायचं. ते मागून घ्या आणि टेप घेऊन स्वतः मोजा, लाजू नका. आमच्यातल्या एकाला दिलेल्या जागेत मध्येच कॉलम आहे, कार आत जाते पण ड्रायव्हरचा दरवाजा उघडत नाही, तो बिचारा डाव्या बाजूने उतरतो.

मेकॅनिकल स्टॅक पार्किंग असेल तर तुमची जागा वरची की खालची, एसयूव्ही उंचीला बसते का, मेंटेनन्स कुणाच्या पैशाने आणि लाईट गेली तर कार खाली कशी येणार हे विचारा.

खरं सांगायचं तर मेट्रोमुळे आमची कार आठवड्यातून दोनदाच निघते. फक्त सिव्हिल कोर्टची पर्पल लाईन, म्हणजे पिंपरी-चिंचवड ते स्वारगेटची, जमिनीखाली ३३ मीटर आहे, गेटपासून फलाटावर जायलाच सरकत्या जिन्यांवर वेळ जातो, तेव्हा जाहिरातीत "मेट्रो २ मिनिटांवर" असेल तर त्यात आणखी पाच-सात मिनिटं तुम्ही मिळवा.

स्टेप ५ : सोसायटी होणार की अपार्टमेंट?

हा प्रश्न मी एकही ग्राहक सेल्स ऑफिसात विचारताना बघितला नाही, आणि सगळ्यात जास्त मनस्ताप इथूनच होतो. महाराष्ट्रात दोन रस्ते आहेत, १९६० च्या कायद्याखाली सहकारी सोसायटी किंवा १९७० च्या कायद्याखाली अपार्टमेंट, म्हणजे कॉन्डोमिनियम. पुण्यात दोन्ही भरपूर दिसतात.

सोसायटीत एका सभासदाला एक मत. खाली कुणाचे सहा गाळे असले तरी मत एकच. सर्व्हिस चार्ज, म्हणजे वॉचमन, सफाई, कॉमन लाईट, आदर्श उपविधींप्रमाणे सगळ्यांना सारखा, वन बीएचके असो नाहीतर मोठा फ्लॅट, पाणी नळांच्या हिशोबाने, सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा) बांधकाम खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का आणि दुरुस्ती फंड पाऊण टक्का. अपार्टमेंटमध्ये मात्र घोषणापत्रात प्रत्येकाचा अविभक्त हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि खर्च त्या टक्क्यांवर, मतांचं वजनही त्याच टक्क्यांवर. म्हणजे कुणा एका पार्टीने दोन अख्खे ऑफिस मजले घेतले असतील तर तो मेंटेनन्स जास्त भरेल, पण मीटिंगमध्ये त्याचा एक हात वर झाला की तुमचे दहा हात खाली. मग रविवारी लिफ्ट कुणासाठी चालू ठेवायची, समोरच्या भिंतीवर होर्डिंग लावायचं का, असे निर्णय कसे होतात ते तुम्हीच बघा. एक चांगलं आणि दुसरं वाईट असं मी म्हणत नाही, फ्लॅटवाल्यांची संख्या जास्त असेल तर सोसायटी सोयीची पडते, एवढं माझं मत. काही ठिकाणी दुकानांची वेगळी आणि फ्लॅटची वेगळी सोसायटी करून वर एक फेडरेशन करतात, तेही चालतं, फक्त पाण्याची टाकी आणि फायर पंप कुणाच्या ताब्यात हे कागदावर पाहिजे.

आता फेजचं. एकच बिल्डिंग असेल तर भोगवटा पत्र (राहायला परवानगी देणारा महापालिकेचा दाखला) मिळाल्यापासून तीन महिन्यांत जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीहक्काचा दस्त, सोसायटीच्या नावे करून द्यायचं असतं, पण मोठा लेआऊट असेल तर ते शेवटच्या बिल्डिंगला भोगवटा पत्र मिळेपर्यंत लांबतं. आणि मिक्स्ड-यूजमध्ये शेवटची बिल्डिंग बहुतेक वेळा कमर्शिअल टॉवर असते, जो बिल्डर मार्केट बघून सावकाश बांधतो. तोपर्यंत जमीन त्याच्याच नावावर, आणि तुम्ही धूळ खात बसायचं.

अ‍ॅग्रीमेंट वाचताना "प्रमोटर राखून ठेवत आहे" असं जिथे जिथे येतं तिथे पेन्सिलने गोल करा. गच्चीचा हक्क, दर्शनी भिंतीवर बोर्ड लावायचा हक्क, पोडियम, फ्रंट मार्जिन. वकिलाला फक्त ती गोल केलेली वाक्यं दाखवलीत तरी फी वसूल होते. सर्च रिपोर्ट ३० वर्षांचा, प्रॉपर्टी कार्ड, बँकेने त्या प्रोजेक्टला लोन मंजूर केलंय का, हे तर सगळेच सांगतात.

स्टेप ६ : पाणी, कचरा, वीज

पुण्यात नवीन असाल तर हे ऐकून ठेवा, दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद ठेवायची महापालिकेची जुनी सवय आहे. त्या दिवशी टाकीत जेवढं आहे तेवढंच, आणि हॉटेलवाला त्याच टाकीतून घेत असेल तर दुपारी दोनलाच नळाने फुस्स केलेलं ऐकू येतं. दुकान-हॉटेलांची टाकी आणि मीटर वेगळे पाहिजेत, टँकर आला तर बिल कोण भरणार हे ठरलेलं पाहिजे.

वीजेचंही तसंच, घरगुती आणि कमर्शिअलचा महावितरणचा दर वेगळा असतो, तेव्हा कॉमन मीटरवरून कुणी दुकानाचा बोर्ड जोडलाय का हे वर्षातून एकदा इलेक्ट्रिशियनला बघायला सांगा. आमच्याकडे दोन सापडले.

कचरा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताई येऊन नेतात, ओला-सुका वेगळा करून द्यायचा, पण हॉटेलचा ओला कचरा आपल्या ड्रममध्ये पडत नाही ना ते बघा, उन्हाळ्यात त्याचा वास लिफ्टमध्ये येतो. फायरचं म्हणजे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला, लायसन्सवाल्या एजन्सीकडून बी फॉर्मचं सर्टिफिकेट लागतं. खाली गॅसवर चालणारं किचन आहे म्हटल्यावर हे सर्टिफिकेट नोटीस बोर्डावर लावायला लावाच.

भाड्याने येत असाल तर

तुम्हाला वरचं निम्मं लागू नाही, पण स्टेप १ पूर्ण लागू आहे, तीन वेळा जाऊन बघाच. लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाडेकरार, रजिस्टर करून घ्या, ऑनलाईन घरी बसून होतं, रजिस्ट्रेशन १,००० रुपये आणि स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या आणि डिपॉझिटवरच्या व्याजाच्या हिशोबाने पाव टक्का. ते रजिस्टर करायची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे, "आपल्यात कशाला" म्हणणाऱ्या मालकाला हे गोड शब्दांत सांगा. पोलीस व्हेरिफिकेशन करून त्याची कॉपी ठेवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जो नॉन-ऑक्युपन्सी चार्ज लावते तो सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही आणि तो मालकाचा खर्च आहे, तुमच्या भाड्यात गुपचूप घातला असेल तर विचारा. मजल्यावर बाकीचे फ्लॅट कोण वापरतंय ते पण बघा, कधी कधी अख्खा मजला दिवसावर भाड्याने दिलेला निघतो आणि रोज नवीन बॅगा, नवीन माणसं.

स्टेप ७ : पझेशन आणि त्यानंतरचे पहिले दोन महिने

भोगवटा पत्राशिवाय किल्ली घेऊ नका. फक्त फर्निचरसाठी ताबा घ्या, असं म्हणतात, घेऊ नका, आमच्या मजल्यावरच्या एकाने घेतला आणि सात महिने बोअरच्या पाण्यावर काढले. किल्ली घेताना बादलीभर पाणी बाथरूममध्ये ओता आणि जाळीकडे जातंय की दाराकडे ते बघा, सगळे नळ एकदम सोडून बघा, किचनच्या खिडकीत उभं राहून वास घ्या. बांधकामातला दोष पाच वर्षांत निघाला तर बिल्डरने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो, तेव्हा ओल दिसली की ईमेल टाका, तोंडी सांगू नका.

मग महावितरणचं मीटर नावावर करणं, पाईप गॅस, इंडेक्स टूची (रजिस्टर झालेल्या दस्ताचा सरकारी उतारा) कॉपी जपून ठेवणं हे होत राहतं. एक मात्र नवीन लोकांच्या हमखास राहून जातं, प्रॉपर्टी टॅक्समधली ४० टक्के सवलत. स्वतः राहत असाल तर मिळते, पण नवीन फ्लॅटला आपोआप लागत नाही, पीटी-३ फॉर्म भरून द्यावा लागतो, सोबत सोसायटीचं पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा. आम्ही पहिल्या वर्षी भरलाच नाही, पूर्ण बिल आलं, आणि मग खालच्या मेडिकलवाल्या दादांनी सांगितलं की अहो ताई, पेठेच्या क्षेत्रीय कार्यालयात जा, सकाळी अकराच्या आत जा, फॉर्मची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा आणि तिच्यावर आवक शिक्का मारून घ्या.